एक 'रे' तेवढा दोघींचा

१२ ऑक्टोबर २०२३, गुरुवार

बडोद्याच्या माणसाला नवरात्राच्या तोंडावर गाव सोडायला सांगणं म्हणजे पंगतीतून जिलबी यायच्या आधी उठवण्यासारखं आहे. रविवारी घट बसणार, गल्लीगल्लीत माइक टेस्टिंग सुरू झालेलं, आणि आम्ही चर्चच्या क्वायरमधले एकोणीस जण फतेहगंजातून बॅगा चढवून अहमदाबाद एअरपोर्टकडे. तारखा आमच्या हातात नव्हत्या. वेल्समध्ये बाला म्हणून गाव आहे, तिथल्या चॅपेलवाल्यांनी त्यांच्या हंगामाच्या उपकारस्तुतीला गायला बोलावलं होतं आणि ती तिकडे ऑक्टोबरातच असते. तेवीस जण जायचं ठरलेलं, चौघांचा व्हिसा आला नाही, त्यातले दोघं टेनर (पुरुषांतला वरचा आवाज). म्हणजे टेनरमध्ये राहिले अडीच. अर्धे म्हणजे आमचे एक अंकल, ज्यांचा सूर लागला तर लागला.

क्वायर तसा गुजराती आहे, मराठी आम्ही चौघंच. माझे पणजोबा नगरकडचे, रेल्वेच्या नोकरीत बडोद्याला आले आणि इथलेच झाले. तेव्हापासून आमचं घरात मराठी, भाजीवाल्याशी गुजराती आणि चर्चमध्ये ज्या भाषेतलं भजन असेल ती. तबलजी मात्र ख्रिस्ती नाही, दांडिया बाजारातला आहे, दीड दिवसाचा गणपती बसवणारा, म्युझिक कॉलेजला शिकलेला (तेच, मौलाबक्षांनी १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या काळात सुरू केलेलं). नवरात्रातल्या गरब्याच्या नऊ रात्रींची सुपारी सोडून आला होता आणि अहमदाबादपर्यंत त्याने ते आम्हाला अकरा वेळा सांगितलं. मी मोजत होते, दुसरं काम नव्हतं.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

मँचेस्टरला उतरलो तेव्हा दुपार होती, पण आपल्याकडे पावसाळ्यात सकाळी सहाला असतो तसा उजेड. हार्मोनियमची पेटी बेल्टवरून आली तेव्हाच आमच्या क्वायरच्या सरांचा चेहरा पडला. केसचा कोपरा दबलेला, आणि उघडून भाता मारला तर मधल्या सप्तकातला पंचम आपोआप वाजतोय, बोट ठेवा नका ठेवू. पूर्ण दोन तास बसमध्ये तो पंचम सगळ्यांच्या डोक्यात. बाहेर हिरवंगार, दगडी भिंती, मेंढ्या, परत मेंढ्या.

बालाला चॅपेलच्या मागच्या हॉलमध्ये (त्याला ते वेस्ट्री म्हणतात) चहा आणि मग 'कल्चरल एक्सचेंज' नावाचा प्रकार झाला. गोल बसा, छातीवर नावाचा स्टिकर लावा, आपल्या देशाबद्दल एक गोष्ट सांगा. आमच्यातल्या सहा जणांनी ताजमहाल सांगितला, बडोद्याचा आणि ताजमहालाचा काय संबंध देव जाणे. त्यांच्यातल्या एका आजोबांनी मला विचारलं, तुम्ही कासियाहून का? मला कळेना. मग कळलं की कासिया म्हणजे खासी टेकड्या. १८४१ साली इथलेच एक मिशनरी चेरापुंजीला गेले होते, त्यांनी खासी भाषा वेल्श वळणाने रोमन अक्षरांत बसवली, त्यामुळे इथल्या म्हाताऱ्या माणसांना भारत म्हटलं की शिलाँग आठवतं. मी म्हटलं, बडोद्यापासून ते दोन हजार किलोमीटरच्या वर आहे. आजोबा म्हणाले, हो पण देश तोच ना. आता काय बोलणार.

राहायची सोय घराघरांत दोघादोघांची. मी आणि एक गुजराती बेन, आमच्या वाट्याला एक आजी आल्या, वय अठ्ठ्याहत्तर, उंची माझ्या खांद्याइतकी. म्हणाल्या मला 'नाइन' म्हणा. बेनना वाटलं खोली नंबर नऊ, त्या बॅग घेऊन वर नंबर शोधत निघाल्या. नाइन म्हणजे वेल्शमध्ये आजी. निदान उत्तर वेल्समध्ये तरी, दक्षिणेत म्हणे 'मामगी' म्हणतात आणि त्यावरून दोन्हीकडची माणसं एकमेकांना हसतात, आपल्याकडे पुणे नागपूर चालतं तसंच.

रात्री जेवायला डाळीचं सूप, पाव आणि उकडलेल्या भाज्या. नाइनने अभिमानाने सांगितलं की सगळ्या घरांनी मीटिंग घेऊन ठरवलंय, आठवडाभर कुणी मांस शिजवणार नाही, तुमच्यासाठी. आम्ही दोघी खाली बघून सूप प्यायलो. एकोणीस जणांत शाकाहारी एकटा तबलजी.

१४ ऑक्टोबर, शनिवार

आज प्रॅक्टिस ठेवायचीच नव्हती. अहमदाबादला भारत पाकिस्तान मॅच, इथे सकाळी साडेनऊला सुरू, आणि संध्याकाळी चारला मार्सेलला वेल्सची रग्बी वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल, अर्जेंटिनाशी. एका बाजूला आमचे पुरुष मोबाईलला चिकटलेले, दुसऱ्या बाजूला त्यांचे लाल जर्सी घालून पेपर वाचणारे. शेवटी त्यांनीच वेस्ट्रीतल्या मोठ्या टीव्हीला आमचा मोबाईल जोडून दिला. पाकिस्तान १९१ ला ऑल आउट झालं तेव्हा त्यांना काहीच कळलं नव्हतं, पण रोहित मारायला लागला तसे आजोबालोक खुर्च्या पुढे ओढायला लागले. ८६ केले त्याने. एकतिसाव्या ओव्हरमध्ये संपली मॅच, साडेतीनच्या सुमाराला, चॅनल बदलला आणि त्यांची सुरू. असा योग मी परत नाही बघणार.

हाफ टाइमला वेल्स १०-६ पुढे. शेवटी हरले, २९-१७. हॉलमध्ये जी शांतता पसरली ती आपल्याला माहितीये, तशीच असते, फक्त शिव्या नाहीत. आमच्या अंकलनी (अडीचमधले अर्धे) थेपल्याचा डबा उघडून शेजारच्या आजोबांसमोर धरला. त्यांनी एक घेतला, मग दुसरा, मग म्हणाले, हरलो ते हरलो, पण तिकडे आपलीच माणसं आहेत. मला वाटलं सांत्वन चाललंय. नाही, खरंच आहेत. १८६५ साली सुमारे दीडशे माणसं मिमोसा नावाच्या जहाजातून लिव्हरपूलहून अर्जेंटिनातल्या पॅटागोनियात गेली, कारण इथे इंग्रजीखाली आपली भाषा बुडेल अशी भीती होती, आणि ती कल्पना ज्यांनी उचलून धरली ते मायकल जोन्स याच बाला गावात शिकवायचे. तिकडे अजून वेल्श बोलतात म्हणे, स्पॅनिशच्या मधोमध.

मी म्हटलं, आम्ही पण तसेच. गायकवाडांच्या फौजेबरोबर आणि नंतर नोकऱ्यांना गुजरातेत आलेली माणसं, तीनशे वर्षं होत आली, घरात अजून मराठी. पुण्याची माणसं ऐकून हसतात की तुम्ही 'चालेल ने' काय म्हणता. आजोबांनी जोरात टेबलावर हात मारला. तिकडची माणसं इकडे आली की इकडचे त्यांच्या वेल्शला हसतात म्हणे. रग्बी विसरूनच गेले.

अंकलनी त्याच गरमागरमीत खरं सांगून टाकलं की आम्ही मटण खातो. हॉलमध्ये एकदम मोठा उसासा, मीटिंग घेणाऱ्या बायकांचा सगळ्यात मोठा.

१५ ऑक्टोबर, रविवार

चॅपेल आत जाऊन बघितलं तर वर गॅलरी, खाली लाकडी बाकं, चारशे माणसं तरी सहज बसतील, आणि आलेली पस्तीसेक, बहुतेक पांढऱ्या केसांची. मला आधी वाईट वाटलं. मग गाणं सुरू झालं आणि वाईट वाटायचं राहिलं. क्वायर नाही, कुणी शिकवलेलं नाही, बाकावरच्या पस्तीस माणसांनी चार आवाज (बायकांचे सोप्रानो आणि आल्टो, पुरुषांचे टेनर आणि बेस) आपसूक वाटून घेतले. माझ्या मागचे काका पुटपुटत बोलणारे, ते बेस गात होते आणि बाक थरथरत होता. शेवटच्या दोन ओळी संपल्या असं वाटलं की परत घ्यायच्या, परत, तिसऱ्यांदा आणखी वर. भजनात रंग चढला की आपण धृपद सोडत नाही, तेच.

आम्ही दोन गुजराती आणि रेव्हरंड टिळकांचं एक मराठी भजन गायलं. तबलजीची मात्र फजिती झाली. त्यांच्या एका गाण्याला सरांनी त्याला दादरा धरायला सांगितला होता, तीनच्या मात्रांत आहे, सोपं वाटतं. पण ही माणसं प्रत्येक ओळीच्या शेवटी थांबतात, किती ते ठरलेलं नाही, सगळ्यांचा श्वास घेऊन झाला की पुढे. हा सम धरून बसलाय आणि सम येतच नाही. चौथ्या ओळीला त्याने हात मांडीवर ठेवून दिले. बाहेर आल्यावर म्हणाला, ताई, ह्या लोकांचा ताल फुफ्फुसात आहे.

दुपारी पेटीचं काम. बेस गाणारे काका स्लेटच्या खाणीत होते आणि चॅपेलचा जुना हार्मोनियम वर्षानुवर्षं तेच दुरुस्त करतात. आमची पेटी त्यांनी पहिल्यांदाच बघितली, हाताने भाता मारायची. झाकण काढलं, वाकलेली स्प्रिंग सरळ केली आणि मग खिशातून दाढीच्या ब्लेडचा कागद काढून सुराच्या पट्टीखालून हळूच ओढला. एकदा, दोनदा. कागदावर काळी रेघ आली, आपल्या हायवेची धूळ असणार. फुंकर मारली. पंचम गप्प. अर्ध्या तासात दोघांत मिळून पाच शब्द झाले असतील. सरांनी पेटीवर यमन वाजवून दाखवला, काका डोळे मिटून उभे, मग सरांना म्हणाले, परत. सरांनी परत वाजवला. सर आम्हाला कधी कुणाला परत वाजवून दाखवत नाहीत.

१६ ऑक्टोबर, सोमवार

आज उपकारस्तुती, तिकडे तिला डिओल्खगारुख म्हणतात. आपल्या चर्चमध्ये हंगामाच्या सणाला केळीचे घड, तांदूळ, कोंबडीसुद्धा आणतात, इथे लीक (जाड कांद्याच्या पातीसारखी भाजी), बटाटे, सफरचंदं आणि मधोमध एक मोठा पाव. बडोद्याहून नेलेला लीलो चेवडो मी प्लेटमध्ये काढून बटाट्यांशेजारी ठेवला.

पण आजची खरी गोष्ट रात्रीची आहे. झोप येत नव्हती, नाइनपण जागी, स्वयंपाकघरात ती तव्यावर वेल्श केक भाजत होती. तवा म्हणजे खरंच तवा, जाड लोखंडी, तिच्या सासूचा. टेबलावर तिचं गाण्याचं पुस्तक उघडं. त्यात पाच रेघा नाहीतच, नुसती अक्षरं आणि मधे मधे दोन टिंबं. मला ती पाच रेघांची स्टाफ लिपी वाचता येत नाही, आमचे सर आम्हाला प्रत्येक आवाजाची ओळ सारेगममध्ये लिहून देतात. मी ते अक्षरांचं पान बघितलं आणि म्हटलं, हे तर मला येतं!

कुठलं येतंय. डी दिसला की मी धैवत लावला. एम ला मध्यम. एस ला षड्ज. नाइनने कलथा टेबलावर आपटला. मग समजलं, तिचा डी म्हणजे डो, म्हणजे माझा सा. तिचा एम म्हणजे मी, तो माझा गंधार. तिचा एस म्हणजे सो, तो माझा पंचम. सगळी अक्षरं ओळखीची आणि सगळी चुकीच्या घरात. एक रे तेवढा दोघींचा सारखा निघाला. तारसप्तकाला आपण डोक्यावर टिंब देतो, तिच्या पुस्तकात डोक्यावर बारका एक असतो. आणि तिचा डो पण आपल्या सा सारखाच जागा बदलतो, गाणं ज्या पट्टीत असेल तिथे डो. टॉनिक सॉल-फा म्हणतात या पद्धतीला. आधी नॉर्विचच्या सेरा ग्लव्हर नावाच्या बाईंनी रचली, मग जॉन कर्वेननी १८४० नंतर गावोगाव पोचवली, आणि वेल्समधल्या खाणकामगारांनी, मोलकरणींनी, ज्यांना पियानो परवडत नव्हता त्या सगळ्यांनी चार आवाज यावर बसवले. नाइन सात वर्षांची असताना भिंतीवरच्या तक्त्यावर काठीने सूर दाखवायचे आणि चुकलं की ती काठी दुसऱ्या कामाला.

मी पेन्सिल मागितली. डी खाली सा लिहिला, आर खाली रे, एम खाली ग. तिने चष्मा लावून ती अक्षरं बघितली, सा ला म्हणाली हा तर हातात काठी धरलेला माणूस आहे. अर्ध्या पानापर्यंत मजेत चाललं, मी आल्टो, ती सोप्रानो, हळू आवाजात, वर बेन झोपलेल्या. मग पुढचं गाणं उदास चालीचं निघालं आणि भांडण. ती म्हणे हे 'ला' वर संपतं. मी म्हणे जिथे संपतं तो सा, धैवतावर कसं संपेल, बसायला जागा नको का. ती ऐकेना, मी ऐकेना, केक एका बाजूने काळे. सकाळी तबलजीला विचारलं तर त्याने थेपला चावत सांगितलं, अहो ताई ही मूर्च्छना झाली, बिलावलच्या धैवताला सा धरा, आसावरी थाट मिळतो, तुमचं दोघींचं बरोबर आहे. नाइनला हे समजावलं. ती म्हणाली, म्हणजे माझं बरोबर आहे.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

तळ्याकाठी फिरलो, लिन टेगिड, वेल्समधलं सगळ्यात मोठं नैसर्गिक तळं. त्याच्या काठाने लानिकिलला, तिथे टॉमस चार्ल्स यांची कबर आहे. १८०० साली पंधरा वर्षांची मेरी जोन्स सहा वर्षं पैसे साठवून डोंगरातून चाळीसेक किलोमीटर अनवाणी चालत यांच्याकडे वेल्श बायबल विकत घ्यायला आली. त्यातून पुढे चक्रं फिरली आणि १८०४ साली लंडनला बायबल सोसायटी निघाली. मेरीची गोष्ट आम्ही संडे स्कूलमध्ये शंभर वेळा ऐकलीये. तेव्हा पाय दुखले असतील एवढंच डोक्यात यायचं, आज रस्ता बघितला. आमच्यातल्या एक मराठी मावशी गुडघ्यांच्या दुखण्याच्या, त्या म्हणाल्या वारीला जाणाऱ्याला हे नवीन नाही, आणि बाकावर बसून राहिल्या.

जेवायला आज काउल, म्हणजे मटण, लीक, बटाट्याचा पातळ रस्सा. अंकलनी तीन वाट्या घेतल्या. आमच्यातल्या एकाने वरून हिरवी मिरची चावली ती बघायला शेजारच्या घरातली मुलं आली.

१८ ऑक्टोबर, बुधवार

लँगॉलेनला. इथे १९४७ पासून दर जुलैला जगभरचे क्वायर येतात. युद्ध संपून चारच वर्षं झाली असताना, १९४९ ला, ल्युबेकहून जर्मन क्वायर आला आणि गावकऱ्यांनी त्यांना घरांत ठेवून घेतलं. १९५५ ला इटलीतल्या मोडेनाचा क्वायर पहिला आला, त्यात एक एकोणीस वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर गायला होता, पावरोटी. आम्ही गेलो तेव्हा मैदानावर फक्त ओलं गवत. तरी सरांनी सगळ्यांना उभं करून एक भजन गायला लावलंच, श्रोते म्हणजे कुत्रा फिरवणारी एक बाई. तिने टाळ्या वाजवल्या.

जवळच तो कालव्याचा पूल आहे, १८०५ चा, पाणी आणि बोटी जमिनीपासून अडतीस मीटर वरून जातात, लोखंडाच्या उघड्या पन्हळीतून. एका बाजूला कठडाच नाही. बेन अर्ध्यातून परत आल्या. मी पण.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

शेवटची संध्याकाळ. वेस्ट्रीत निरोपाचा चहा होता, तबलजी पाचव्या माळेच्या दुःखात भिंतीला टेकून ढोलकासारखा टेबल वाजवत बसलेला, आणि आमच्या दोन पोरींनी गरब्याची बे ताळी सुरू केली. मग त्रण ताळी. मधोमध दिवा नाही, चहाचा मोठा स्टीलचा बंब, त्याच्या भोवती फेर. वेल्श बायका पाच मिनिटांत आल्या, त्यांच्याकडे ट्वुम्पाथ नावाचे गावनाच असतात, गोलात फिरायची सवय पायाला आहे, फक्त टाळी कधी ते चुकायचं. नाइन माझ्यासमोर, प्रत्येक वळणाला उलट्या दिशेने.

सगळ्यांना आवडलं असं नाही. आमच्या एका मोठ्या भाईंना चॅपेलच्या आवारात गरबा पटला नाही, देवीचा आहे म्हणाले, आणि त्यांचं म्हणणं काही उगाच नव्हतं, आमच्याकडे घराघरात हा वाद आहे. सर म्हणाले नुसत्या टाळ्या आहेत. भाई काही बोलले नाहीत, आत मोरीवर जाऊन त्यांनी साठ कप विसळले. बेसवाले काका टॉवेल घेऊन त्यांच्या बाजूला कप पुसायला उभे राहिले. दोघं शेवटपर्यंत तिथेच होते.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

वादळ आलंय, बाबेट नाव आहे, रस्त्यांवर पाणी. बस दोन तास आधी काढली. नाइन दारात छत्री उलटी झालेली धरून. मिठी वगैरे झाल्यावर मी तिला म्हटलं, आता शेवटचं, म्हण 'केळं'. आठवडाभर आमचं हेच चाललं होतं, तिने मला तळ्याच्या नावातल्या 'लिन'मधला तो एल शिकवायचा, जीभ ल ला लावून बाजूने हवा सोडायची, मांजर फिसकारल्यासारखी, आणि मी तिला ळ. माझा एल मंगळवारीच जमला असं ती म्हणते, तिच्या शेजारणी नाही म्हणतात. ती म्हणाली, "केल्ला".

शनिवारी रात्री बडोद्याला पोचलो. तबलजी बॅग घरी टाकून थेट मैदानावर, तीन रात्री हाताला लागल्या.

त्यानंतर रोज सकाळी नाइनचा व्हॉइस मेसेज येतो, कधी केळं, कधी फळं, कधी नुसतं ळ ळ ळ. मी लिहिते, जवळ आलंय. आलेलं नाहीये.